खांद्यावरच्या चुण्या राहू द्या, कॉलरचं मात्र बोला

वाचकाचं पत्र

मी मूळचा पुण्याचा. सध्या ट्यूरिनला वाहन उद्योगात नोकरी करतो. डिसेंबरात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, पुण्यात. आयुष्यात एकदा तरी इटालियन शिंप्याच्या हातचं जॅकेट अंगावर चढवायचं म्हणून नेपल्सला जाऊन माप देऊन आलो. ट्यूरिनजवळच्या बिएल्ला या कापडगिरण्यांच्या गावचं गडद निळं लोकरीचं कापड आहे, मीटरला २८० ग्रॅम वजनाचं. परवा पहिली ट्रायल झाली आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. बाही जिथे खांद्याला जोडली आहे तिथे चक्क चुण्या दिसतात. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोल जागा, काखेत अगदी वर बसतो. उंची आखूड वाटते. नुसतं उभं राहिलं तरी कॉलर मानेपासून बोटभर सुटते. आणि बटण लावलं की पोटावर कापड ओढलं जातं. घरी फोटो पाठवले. सासऱ्यांनी बँकेच्या नोकरीत सगळा जन्म लक्ष्मी रोडवर शिवलेले सूट वापरले. ते म्हणाले, "खांदे पडलेत, पॅड घालायला सांगा. आणि मागून उघडं पडतंय, लांबी वाढवा." दुसरी ट्रायल तीन आठवड्यांनी आहे. माझं इटालियन कामापुरतं. शिंप्याला काय सांगू? त्याला राग येईल का?

उत्तर

नमस्कार,

तुम्ही पाठवलेले फोटो नीट पाहिले. सासरेबुवांचं निम्मं बरोबर आहे. लांबीचं त्यांनी अचूक हेरलं. पॅडचं मात्र मनावर घेऊ नका. आणि तुम्ही सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिलेली कॉलरची गोष्ट हीच खरी तक्रार आहे. बाकी सगळं एक वेळ चालेल, कॉलर सुटलेली चालणार नाही.

पण आधी चुण्या, कारण झोप त्यांनीच उडवली आहे.

अंगातल्या शर्टाची बाही पाहा. तिथे शिवणीतलं आतलं कापड खांद्याच्या बाजूला दुमडलेलं असतं, म्हणून बाही खांद्याखालून निघाल्यासारखी दिसते. आपल्याकडच्या सुटात नेमकं उलटं करतात. ते कापड बाहीत जातं, त्याला आतून कापसाच्या पट्टीचा आधार मिळतो आणि बाहीचा माथा गोल, फुगीर उठतो. नेपल्सचे शिंपी जॅकेटची बाही शर्टासारखी लावतात, त्याला ते 'स्पाल्ला कामिचा' म्हणतात. त्यात बाहीच्या माथ्याचा घेर मुंढ्याच्या घेरापेक्षा बराच मोठा कापलेला असतो. हे जास्तीचं कापड हाताने, टाक्याटाक्याला थोडं थोडं जिरवत मुंढ्यात बसवायचं. लोकर वाफेने आकसते, त्यामुळे बरंचसं जिरून जातं. जे जिरत नाही ते चुण्या होऊन वर दिसतं. हात पुढे करून गाडीचं स्टिअरिंग धरलं की बाहीला जी जागा लागते, ती या जिरवलेल्या कापडातूनच मिळते.

म्हणून चुण्या हा दोष नाही. मात्र कुठल्याही चुण्या चालतात असंही नाही. त्या माथ्यावर असाव्यात, बारीक आणि दोन्ही खांद्यांना साधारण सारख्या. चुण्या दंडावर खाली ओघळत असतील किंवा खांद्याच्या टोकाखाली दंडाशी खळगा पडत असेल, तर तो दोष. तुमच्या फोटोत मला खळगा दिसला नाही. त्यातही तुमची बाही सध्या नुसत्या कच्च्या टाक्यावर आहे. पहिल्या ट्रायलला पुष्कळ शिंपी एकच बाही लावतात, काही तर लावतही नाहीत. त्या अवस्थेतल्या चुण्यांवरून शेवटच्या चुण्यांचा अंदाज बांधू नये.

एक विचारायला हरकत नाही. अशा ढळढळीत चुण्या फिकट, सैलसर, दुपारी घालायच्या जॅकेटवर जास्त शोभतात. गडद निळ्या, समारंभाच्या कपड्यासाठी नेपल्समध्येही अनेक जण खांदा जरा स्वच्छ ठेवून घेतात, पॅड न घालताच. "मेनो ग्रिंत्से", म्हणजे चुण्या कमी, एवढे दोन शब्द पुरे. ही आवडीची बाब आहे, शिंप्याला त्यात अपमान वाटणार नाही.

पॅडचं तसं नाही. १९३२ साली जेन्नारो रुबिनाच्ची यांनी नेपल्समध्ये 'लंडन हाऊस' नावाचं दुकान काढलं. नावातच लंडन, कारण शहरातल्या उच्चभ्रूंचा जीव इंग्रजी कपड्यांवर. तिथले मुख्य कटर विन्चेन्झो अत्तोलिनी यांनी त्या इंग्रजी जॅकेटच्या आतलं सामान काढायला सुरुवात केली. खांद्यातलं पॅड गेलं, अस्तर कमी झालं, छातीला आकार देणारा आतला कॅनव्हास हलका झाला. उन्हाच्या शहरात शर्टाइतकं मोकळं वाटणारं जॅकेट त्यातून तयार झालं आणि आज नेपल्सची शिलाई म्हणून जगभर जे मिरवलं जातं ते हेच. या शिंप्याकडे जाऊन पॅड मागणं म्हणजे मिसळीच्या दुकानात शिरून तर्री नको म्हणणं. तो देईलही. पण मग तिथे गेलात कशाला?

सासरेबुवांच्या डोळ्यांत जो खांदा बसला आहे तो चुकीचा नाही, दुसऱ्या गावचा आहे. खुद्द इटलीतही सगळे नेपल्ससारखे कापत नाहीत. रोमच्या ब्रियोनी या शिलाईघराचं घ्या. नाझारेनो फोन्तिकोली आणि गाएतानो साविनी या दोघांनी १९४५ मध्ये ते सुरू केलं आणि १९५२ साली फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. तो खांदा घडीव, रेघ मारल्यासारखा. तुमच्या जवळ मिलानमध्ये काराचेनी घराण्याची शिलाई आहे, ती या दोन्हींच्या मधली, शांत. या घराण्याचे डोमेनिको काराचेनी अब्रुझ्झो प्रांतातल्या ओर्तोना गावचे. लंडनमध्ये स्थायिक झालेले संगीतकार तोस्ती त्याच गावचे. तोस्तींचे इंग्रजी सूट उसवून डोमेनिकोंनी आतली रचना शिकून घेतली, असं सांगतात. फ्लॉरेन्सवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्यांच्या जॅकेटच्या पुढच्या भागावर उभा टक्स नसतोच, आकार काखेखालच्या टक्समधून काढतात, त्यामुळे चौकडीचं कापड अखंड दिसतं. सासरेबुवांना हवा तसा खांदा रोमला मिळाला असता. तुम्ही तिकीट नेपल्सचं काढलंत.

आता कॉलर.

उभं राहिल्यावर जॅकेटची कॉलर शर्टाच्या कॉलरला मागून टेकलेली हवी. मान वळवली, हात वर केला तर क्षणभर सुटेल, ते समजू शकतं. पण नुसतं उभं राहून बोटभर फट म्हणजे पाठीचा तोल चुकला आहे. तुम्ही दिवसभर स्क्रीनसमोर बसता. अशा माणसाची मान पुढे येते, खांदेही किंचित पुढे झुकतात. त्या अंगाला पाठीवर कापड जास्त लागतं आणि पुढे कमी. मापं घेताना तुम्ही ताठ उभे राहिला असणार, सगळेच राहतात. आरशासमोर आला की माणूस पोट आत घेतो. शिंप्याने त्या ताठ माणसाचं जॅकेट कापलं. ते आता वाकणारा माणूस घालतो आहे, पाठ कमी पडते आणि कॉलर मागे ओढली जाते.

ताठ, छाती काढून चालणाऱ्यांचं उलटं होतं, त्यांच्या कॉलरखाली पाठीवर आडवी वळी पडते. तुमच्या पाठमोऱ्या फोटोत तशी वळी नाही, म्हणून माझा संशय पाठीच्या लांबीवरच आहे. तरी निदान शिंप्याला करू द्या. खांद्याचा उतार चुकला तरीही कॉलर सुटते, आणि ते फोटोवरून ठरवता येत नाही. तुम्ही फक्त "इल कोल्लो सी स्ताक्का", कॉलर सुटते आहे, एवढं म्हणा आणि नेहमी उभे राहता तसे उभे राहा. ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी वाट बघत उभे असता ना, तसे. पुढचं त्याला दिसेल. तो कच्चा टाका उसवेल, कॉलर काढेल, पाठ थोडी वर घेईल किंवा खांद्याची शिवण हलवेल आणि खडूने खुणा करेल. कच्च्या टाक्यावर हे सहज होतं. जॅकेट पुरं झाल्यावर तेच काम करायचं म्हणजे अर्धं जॅकेट सोडवावं लागतं, आणि तेव्हा शिंपी "इस्त्रीने बसेल" म्हणायला लागतात. इस्त्रीने बसत नाही. म्हणून दुसऱ्या ट्रायलला अंगात घातल्या घातल्या पहिलं वाक्य हेच.

मुंढ्याबद्दल तुम्ही घाबरलात ते स्वाभाविक आहे. तयार कपड्यांत मुंढा मोठा ठेवतात, कारण तो नाना तऱ्हेच्या अंगांना चालायला हवा. मोठा मुंढा म्हणजे मोकळा हात असं आपल्याला वाटतं. करून पाहा. तयार जॅकेट घालून, बटण लावून, बसमधला दांडा धरावा तसा हात वर करा. सगळं जॅकेट हाताबरोबर वर येईल, कारण बाही काखेपासून इतकी खाली जोडलेली आहे की हात उचलला की ती अख्खी बाजूच उचलते. मुंढा काखेलगत असला की फक्त बाही हलते आणि अंग जागेवर राहतं. तुमच्या शिंप्याचं जॅकेट घालून तीच परीक्षा घ्या.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. मुंढा खोल करायचा तर कात्री लावली की झालं. कापलेलं मात्र परत वर आणता येत नाही. म्हणून जाणता शिंपी पहिल्या ट्रायलला मुंढा मुद्दाम लहान ठेवतो आणि अंगावर पाहून खरवडतो. तुम्हाला काखेत कापड आहे एवढं जाणवत असेल तर दोन दिवसांत सवय होईल. पण हात पुढे नेताना काखेच्या पुढच्या बाजूला शिवण रुतत असेल, तर तेवढ्या जागी बोट ठेवून दाखवा. सगळा मुंढा मोठा करा असं सांगू नका. पुढून किंचित खरवडला की काम भागतं.

बटणाचं सोपं आहे. बटणापासून दोन्ही बाजूंना फुलीसारख्या रेघा पडत असतील तर कंबर घट्ट आहे. बाजूच्या शिवणीत मोकळं कापड ठेवलेलं असतंच, तो सोडून देईल. हल्ली घट्ट घालायची फॅशन आहे आणि नेपल्समधल्या तरुण गिऱ्हाइकांना तर फुली पडल्याशिवाय जॅकेट बसलं असं वाटत नाही. तुम्हाला पुण्याच्या लग्नात पंगतीला बसायचं आहे. सैल करून घ्या. आणि तुमचं जॅकेट तीन बटणांचं असलं तरी वरचं बटण लॅपलच्या, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीच्या, वळणात गेलेलं आहे, ते लावायचं नसतं. तुम्ही एका फोटोत ते ओढून लावलंय, तिथे निम्म्या रेघा त्यामुळेच पडल्या आहेत! फक्त मधलं लावा. सगळ्यात खालचंही मोकळंच सोडतात.

लांबीवर मी सासरेबुवांच्या बाजूने. नेपल्सचं जॅकेट इंग्रजीपेक्षा थोडं आखूड असतं खरं, पण मागून बैठक झाकली गेलीच पाहिजे. जुना ठोकताळा असा की कॉलरच्या मुळापासून जमिनीपर्यंतच्या उंचीच्या निम्म्यावर जॅकेट संपावं. तुमचं फोटोत त्याहून वर संपतंय. खालच्या दुमडीत कापड असेलच, दीड-दोन सेंटिमीटर सोडायला सांगा. हे दुसऱ्या ट्रायलला सांगण्यातही थोडी घाई करा, शक्य झालं तर आधीच फोन करा. खिसे एकदा कापले की त्यांची जागा कायमची ठरते, आणि नंतर खालून लांबी वाढवली तर खिसे वर चढल्यासारखे दिसतात. बटणाचंही तेच. लांबी, खिसा आणि मधलं बटण ही तिन्ही एकमेकांकडे बघून ठेवलेली असतात.

राग येईल का, असं विचारलंय. तक्रारीचा येत नाही. गिऱ्हाईक कापायला शिकवू लागलं की येतो. "इथे एक इंच आत घ्या", "इथे पॅड टाका" असं म्हणू नका. कुठे बोचतं, कुठे सुटतं, कुठे लाज वाटते ते सांगा. दुखणं तुमचं, औषध त्याचं. दुभाष्या म्हणून ट्यूरिनचा कुणी सहकारी न्यायचा विचार असेल तर जरा जपून. उत्तर इटलीच्या माणसाला नेपल्सच्या कपड्यांबद्दल स्वतःची मतं असतात आणि तो भाषांतरात ती मिसळल्याशिवाय राहणार नाही. त्यापेक्षा बोटाने दाखवलेलं बरं.

ट्रायलला जाताना लग्नात घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घाला. टाचेची उंची बदलली की उभं राहणं बदलतं. शर्टाची बाही जॅकेटच्या बाहेर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दिसायला हवी, हे दुसऱ्या शर्टावर ठरवता येत नाही. फोन आणि पाकीट जिथे ठेवणार तिथेच ठेवा. हात सैल सोडून उभे राहा आणि बाजूने फोटो काढून घ्या. बाहीवर मागून तिरक्या वळ्या दिसल्या तर बाही थोडी फिरवून लावायला हवी, तेही कच्च्या टाक्यावरच होतं. मग दुकानात चाला, खुर्चीवर बसा, उठा. पुतळ्यासारखं उभं राहिलं तर जॅकेट पुतळ्यालाच बसतं. आणि बाहीवरच्या बटणांची काजं अगदी शेवटी, लांबी पक्की झाल्यावरच कापायला सांगा. काजं कापलेली बाही मनगटाकडून लहान करता येत नाही, मग वरून, खांद्याकडून करावी लागते. एवढ्या मेहनतीने जिरवलेली बाही पुन्हा उसवायची म्हणजे शिंप्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

कापड चांगलं निवडलंत. बिएल्ला तुमच्या दारात, तासा-दीड तासावर. तिथली व्हिताले बार्बेरिस कानोनिको ही गिरणी १६६३ पासूनची नोंद दाखवते. २८० ग्रॅम पुण्याच्या डिसेंबरात संध्याकाळी उत्तम. मुहूर्त दुपारचा असेल तर घाम येईल, म्हणून पाठीला अर्धंच अस्तर ठेवायला सांगा. याहून तलम, 'सुपर'वाले मोठे आकडे छापलेलं कापड घेतलं नाहीत ते बरंच झालं. ते हातात मऊ लागतं पण लवकर चुरगळतं आणि असं हलकं शिवलेलं जॅकेट त्यात नीट उभं राहत नाही.

पुण्यात आल्यावर एक जपा. हे जॅकेट आतून चिकटवलेलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक सुटांत बकरम गरम दाबून चिकटवलेलं असतं, म्हणून ते काही ड्रायक्लीननंतर छातीवर फोड आल्यासारखे फुगू शकतात. तुमच्या जॅकेटमध्ये घोड्याच्या केसांचा कॅनव्हास नुसता टाक्यांनी धरलेला आहे. लॅपल उलटून मागची बाजू उजेडात धरा, टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके रांगेत दिसतील. शिंप्याने लॅपल बोटावर वळवून धरून ते टाके घातलेत, म्हणून ती कागदासारखी दुमडत नाही, वरच्या बटणापासून सैल वळण घेत खाली येते. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने जीव ओतून ती सपाट केली की ते वळण गेलं. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, कारण लग्नघरात कुणीतरी प्रेमाने सगळ्यांचे कपडे इस्त्रीला टाकतंच. प्रवासात चुरगळलं तर न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून रात्रभर रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा. घातल्यावर ब्रश मारा. ड्रायक्लीन डाग पडला तरच.

लांबीसाठी फोन मात्र याच आठवड्यात करा.